बुढीच्या अंगावरचे हात

एकतीस वर्षं मी सरकारचा पगार घेऊन दगड धुतले. मुली लहान असताना शेजारीण त्यांना विचारायची, तुमचे अब्बा ऑफिसात काय करतात? तर त्या सांगायच्या, "पत्थर को नहलाते हैं." त्यात खोटं काहीच नव्हतं. पुरातत्त्व खातं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सोन्याचे हंडे येतात. आमच्या गल्लीतला चहावाला तर माझ्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत मला कोपऱ्यात घेऊन विचारत होता, "रशीदभाई, आपस की बात है, एखादा हंडा तरी?" शेवटी मी त्याला म्हटलं, हंडा सापडला असता तर तुझा हा चहा प्यायलो असतो का?

चंद्रपुरात पठाणपुरा दरवाज्याच्या आत आमचं घर. वडील जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. शाळांच्या वह्या, वकिलांची बाडं, मशिदीतली कुराणं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. "कागज से जबरदस्ती नहीं करते बेटा, उसको मनाते हैं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ओल्या कागदाला हात कसा लावायचा हे मी त्यांच्याजवळ बसून शिकलो आणि त्याच एका गुणावर खात्यात चिकटलो.

माझं काम ठसे घेण्याचं. दगडावर कोरलेला लेख उन्हापावसानं झिजतो, फोटोत तो धड येत नाही. म्हणून त्याचा कागदावर ठसा घ्यायचा. आधी दगड घासून स्वच्छ करायचा, खाचांतली माती काडीनं काढायची. मग जाडसर, पाणी पिणारा कागद ओला करून दगडावर पसरायचा आणि तो खाचांत उतरेपर्यंत कुंचल्यानं ठोकत राहायचं. जोरात ठोकला की फाटतो, हळू ठोकला की उतरत नाही. कागद अर्धवट सुकला की वरून शाईचा बोळा टिपत न्यायचा. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटतात. ती वाचायला नागपूरला एक विद्वान होते, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. मला त्या जुन्या लिपीतलं एक अक्षर वाचता यायचं नाही. पण बोटांना कळायचं. दगडावरून बोट फिरवलं की पाण्यानं पडलेली खाच कोणती आणि छिन्नीनं पाडलेली कोणती, हे मी डोळे मिटून सांगायचो. त्याचा मला फार गर्व होता.

गमतीही पुष्कळ झाल्या. सिरोंच्याकडे एका देवळात सकाळभर खपून घेतलेला ठसा मी उन्हात वाळत घातला आणि जेवायला बसलो, तेवढ्यात बकरीनं तो अर्धा खाल्ला. बकरीची मालकीण तेलुगूत माझ्यावरच तुटून पडली, शाईनं बकरी मेली म्हणजे? बकरी मेली नाही. मी अहवालात लिहिलं, "पहिल्या पाच ओळी बकरीने नेल्या." साहेबांनी शेरा मारला, "उर्वरित ओळी त्वरित पाठवाव्यात." एकदा गडचिरोलीच्या आतल्या जंगलात एका पोलीस नाक्यावर माझी पिशवी उघडली गेली. काळी शाई, बोळे, कागदाच्या गुंडाळ्या. नक्षलवाद्यांचे दिवस होते ते. "पत्रकं छापतोस काय?" त्यांनी दरडावून विचारलं. मी त्यांच्याच नाक्याच्या दगडी पाटीचा ठसा तिथल्या तिथे काढून दाखवला, तेव्हा कुठे चहा मिळाला आणि माझी सुटका झाली. हे किस्से मी लग्नाकार्यात रंगवून सांगतो. मोहाबोडीचं मात्र घरीही कधी धड सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलात, एका धरणाचं काम निघालं होतं. बुडणाऱ्या गावांत जुनंपुराणं काही असेल तर त्याची नोंद करा, असा कागद आमच्या खात्याला आला. साहेब आणि मी जीपनं निघालो. शेवटचे दोन कोस पायी. होळी होऊन गेली होती, मोह फुलला होता आणि साऱ्या वाटेवर बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या.

मोहाबोडी हे तीसेक घरांचं गोंडांचं गाव. बोडी म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं लहान तळं. गावाच्या वरच्या अंगाला तशी एक बोडी होती, तिच्या पाण्यावर गावाचं धान पिकायचं. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका जुन्या मोहाखाली छातीइतका उंच दगड उभा होता. त्याला गाव 'बुढी' म्हणायचं. बुढी कोण, कधीची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. देव नाही, भूत नाही, आमची बुढी, एवढंच.

या बुढीची एक रीत होती. गावात सून आली की घराचा उंबरा ओलांडण्याआधी तिला बोडीवर आणायचे. ती तेल-हळदीत हात बुडवून पंजा बुढीच्या अंगावर उठवायची, मग घरात जायची. कितीतरी पिढ्यांच्या सुनांचे हात असे एकावर एक बसून दगडावर बोटभर जाड थर चढला होता. काळपट, पिवळट, चिवट. दगड दिसतच नव्हता.

मी सवयीनं बोटं फिरवली. एका कडेला थराला तडा गेला होता. तिथे करंगळी आत घातली तर छिन्नीची खाच लागली.

"साहेब, खाली अक्षर आहे," मी म्हणालो.

गावचे पाटील सोमाजी मडावी शेजारी उभे होते, सावकाश बोलणारा, उंचापुरा माणूस. थर काढावा लागेल म्हटल्यावर ते आडवे आले. "नाई भाऊ. तिच्या अंगाले हात नाई लावाचा."

आमचे साहेब सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "नको म्हणतात ना, राहू दे रशीद. तेल लावलेला एक दगड, अशी नोंद करू आणि जाऊ." तिथेच मी गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण माझ्या बोटांना अक्षर लागलं होतं. ठसा न घेता परत जाणं मला माझा अपमान वाटला. मी पाळीवर फतकल मारून बसलो आणि गोळा झालेल्या गावाला सांगायला लागलो. म्हटलं, "हा साधा दगड नाही. लेख निघाला तर गाव किती जुनं ते सरकारला कळेल. मी डोळ्यांनी पाहिलंय, एका जुन्या बारवेसाठी मोठा रस्ता वळवला होता. लेख निघाला तर धरणाची रेघपण सरकू शकते."

बारवेचं मी खोटं सांगितलं नव्हतं. रस्ता खरंच वळला होता. पण बारव उचलून नेता येत नाही आणि दगड नेता येतो, एवढा साधा फरक दगडांत जन्म घालवलेल्या माझ्या डोक्यात आला नाही.

पुरुषांची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढे आली. मानकूबाई तिचं नाव. नवी सून आली की तिला बोडीवर आणायचं काम मानकूबाईकडे असायचं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"गाव वाचन म्हन्तेस?"

"वाचू शकतं, माय."

"तुहा शबूद हाये का?"

मी 'हो' म्हणालो. कुणाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे. तिनं एकदा बुढीकडे पाहिलं. मग सोमाजीभाऊंना म्हणाली, "काढू दे गा. गावच नाई राह्यलं तं सुना कुठी येतीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. गरम पाण्याचे बोळे थरावर ठेवायचे, मऊ झालं की बांबूच्या पातीनं हळूहळू उचलायचं. खपल्या निघू लागल्या. मानकूबाई दगडाच्या पायाशी लुगड्याचा पदर पसरून बसली. एकही खपली तिनं जमिनीवर पडू दिली नाही. "हा वरचा आमच्या धाकल्या सुनेचा. हा माहा असन. मंग सासूचा, मंग तिच्या सासूचा..." असं पुटपुटत होती. एका खपलीवर चार बोटं स्पष्ट उमटली होती. ती तिनं उचलून उन्हात धरली, जवळच्या बायकांना दाखवली आणि पदरात ठेवली. मला ते सगळं दिसत होतं. पण माझं लक्ष खाली होतं, दगडात.

दुपारी दगड मोकळा झाला. वर चंद्रसूर्य, खाली तीन ओळी. मी कागद लावला, ठोकला, शाई टिपली. इतका सुंदर ठसा माझ्या हातून आधीही निघाला नव्हता आणि नंतरही निघाला नाही. दोन्ही हातांनी धरून गावाला दाखवला तेव्हा सारे जवळ सरकले. "काय लेहलं हाये?" सोमाजीभाऊंनी विचारलं. मी म्हणालो, "वाचणारे नागपूरला आहेत." बायकांना त्याचं हसू आलं. दगड धुतो, ठसा काढतो आणि वाचता येत नाही!

पंधरा दिवसांनी सरांचं पत्र आलं. साहेबांनी मला बोलावून मजकूर वाचून दाखवला. अर्थ असा होता की कुण्या एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या मेलेल्या मुलाच्या नावानं गावासाठी हे तळं खोदलं, आणि हे तळं जो मोडील त्याचं वाटोळं होवो. लेख शेकडो वर्षांपूर्वीचा. सरांनी शेवटी लिहिलं होतं, "दुर्मिळ! अभिनंदन!"

वाचता न येणाऱ्या त्या गावानं शेकडो वर्षं तिला बरोबर नावानं हाक मारली होती. बुढी.

साहेब म्हणाले होते, वरून उत्तर येईपर्यंत गावात काही बोलू नकोस. मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी बस पकडून मी मोहाबोडीला गेलो आणि सांगितलं. मानकूबाईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "पोराच्या नावानं? बाई व माय!" म्हणाली आणि रडायला लागली. मग सगळं गाव पाळीवर जमलं. कुणी ढोल काढला. मला जेवू घातलं. मी मुसलमान, माझं खाणं काय, म्हणून सोमाजीभाऊंनी कोंबडा माझ्याच हातून कापवला. "आता धरन नाई होत," असं जो तो एकमेकांना सांगत होता. मी कुणाला थांबवलं नाही. उलट त्या दिवशी मला मी कुणीतरी मोठा माणूस वाटलो.

वरून उत्तर आलं ते पावसाळ्यानंतर. लेख महत्त्वाचा असल्यानं शिळा तातडीनं वस्तुसंग्रहालयात हलवावी. धरणाबद्दल अक्षर नाही.

"आणि गाव?" मी साहेबांना विचारलं.

"दगड हलतो ना रशीद?" साहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "हलणाऱ्या दगडासाठी धरण कोण हलवील?"

दगड आणायला ट्रक गेला, साखळ्या आणि कप्पी गेली, आणि गाव ओळखतं म्हणून मलाही धाडलं. मी साहेबांना हात जोडले होते. ते म्हणाले, "तू नसलास तर पोलीस न्यावे लागतील." मग गेलो.

पाळीवर पोचलो तर तिथे एक बैलगाडी उभी. नवी धुरा, नवी चाकं, मध्ये धानाच्या तणसाची जाड गादी केलेली. मला वाटलं, कुणाच्या घरी लग्न आहे. सोमाजीभाऊ म्हणाले, "हे बुढीसाठी बनवली होती. तू यायच्या पयलेच. गाव उठनच, हे आमाले कवाच समजलं होतं. आमी तिले संगं नेनार होतो." मग म्हणाले, "लेख नसता निघाला तं नेलीबी असती."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते इतकं हळू बोलले की ट्रकवरच्या लोकांना ऐकूही गेलं नाही. मी तेव्हा जे समजलो ते आजही तसंच छातीत आहे. तेल लावलेला एक दगड म्हणून नोंद झाली असती तर बुढी आपल्या माणसांबरोबर गाडीत बसून गेली असती. तिला धुवून मी सरकारजमा केलं होतं.

बायकांनी वाट अडवली नाही. बुढी साखळीवर वर उचलली गेली तेव्हा खालच्या खड्ड्यातून एक कुबट, ओला वास आला, आणि मानकूबाई त्या खड्ड्याजवळ जाऊन बसली. ट्रक सुरू झाला तशी तिनं मला हाक मारली.

"भाऊ, तिले तेल कोन लावन?"

"मी लावीन, माय," मी म्हणालो. माझा दुसरा शब्द.

लोकांना वाटेल, मुसलमान माणूस दगडाला तेल कसा लावील, म्हणून राहिलं असेल. तसं नाही. माझ्या धर्मात दगडाला तेल लावणं बसत नसेल, पण बाईला दिलेला शब्द पाळणं नक्की बसतं. राहिलं ते नियमाच्या भीतीनं. संग्रहालयातल्या शिळेला तेल, हळद, शेंदूर काहीही लावायचं नाही, असा नियम. दोरीच्या आत बुढी उभी, शेजारी पाटी, पाटीवर कालखंड, भाषा, ओळी तीन. गावाचं नाव होतं. बुढीचं नव्हतं. संग्रहालय आमच्या ऑफिसच्याच इमारतीत, माझी बसायची जागा तिथून दोन खोल्या पलीकडे. रोज येता-जाता मी तिच्याकडे पाहायचो आणि पुढे व्हायचो. अशी बरीच वर्षं गेली. तिची काळजी करावी असं मला वेळेवर वाटलं नाही.

निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा मी मोहाबोडीच्या लोकांना शोधत गेलो. धरण कधीच भरलं होतं. पुनर्वसनाचं गाव उघड्या माळावर, घरं ओळीनं, मधून मुरमाचा सरळ रस्ता. मोह एकही नाही. सोमाजीभाऊ दोन वर्षांपूर्वी वारले होते. मानकूबाई होती. डोळे गेले होते, पण आवाजावरून ओळखलं. "ठसेवाला आला," ती सुनेला म्हणाली.

मी तिच्यासाठी त्या ठशाची एक प्रत नेली होती. ती तिनं बोटांनी चाचपली. "कागद हाये," म्हणाली आणि बाजूला ठेवला. मग सुनेचा हात धरून मला घरामागे घेऊन गेली. तिथे एक साधा धोंडा रोवलेला होता, गुडघ्याएवढा. जुन्या पाळीवरचा होता, गाडीतून आणलेला. पदरात गोळा केलेल्या त्या साऱ्या खपल्या तिनं कुटून, तेलात कालवून त्याच्या अंगाला लावल्या होत्या. वर नव्या सुनांचे पंजे होते. मी मोजले नाहीत, फार नव्हते. "आता पोरं शहरात लगन करून राह्यले," सून म्हणाली. "इथी कोन येते?"

मानकूबाईनं माझ्याकडे तोंड वळवलं.

"तिकडं तिले तेल लावतेस ना भाऊ?"

"लावतो, माय," मी म्हणालो.

तिनं हात पुढे केला. मला वाटलं आधार हवा आहे, म्हणून मी माझा हात दिला. तिनं तो उलटा केला, तळवा नाकाशी नेला आणि वास घेतला. माझ्या हाताला शाईचा वास असणार, साबणाचा असणार. जन्मभर तेल-हळदीत हात बुडवलेल्या बाईला आणखी काय कळायचं बाकी होतं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली नाही. वाटीत बोटं बुडवून तिनं माझ्या तळव्याला तेल-हळद चोळली, सुनेच्या हाताला चोळावी तशी, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

"जा," ती म्हणाली. "आता तरी लाव."

बसमध्ये मी तो हात मांडीवर उताणा धरून बसलो. तिकीट डाव्या हातानं घेतलं. चंद्रपूरला उतरलो तो घरी न जाता सरळ संग्रहालयात गेलो. बंद व्हायला थोडा वेळ होता. पहारेकरी माझाच माणूस, त्यानं आत सोडलं. दोरी ओलांडली आणि पंजा बुढीच्या अंगावर टेकवला, चंद्रसूर्याच्या खाली. हात काढला तेव्हा पाच बोटं स्पष्ट उमटली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासमोर मान वर करून उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात तपासणीला नवे साहेब आले. तरुण, शिकलेले, आपल्या कामात चोख. त्यांनी डाग पाहिला, कुणा प्रेक्षकाचा खोडसाळपणा समजले आणि शेरा लिहिला, "शिळा तातडीने स्वच्छ करावी." दगड धुणारा ऑफिसात एकच होता. फाइल माझ्या टेबलावर आली.

मी सांगू शकलो असतो. माझाच हात आहे, मोहाबोडीच्या मानकूबाईनं पाठवलेला आहे, राहू द्या. फार तर चौकशी झाली असती. निवृत्तीला दोन महिने होते, पेन्शनचे कागद सुरू झाले होते.

बादली भरली. गरम पाण्याचा बोळा ठेवला, मऊ होऊ दिलं, कुंचल्यानं घासलं. आधी करंगळी गेली, मग बाकीची बोटं. तळव्याचा मधला भाग शेवटपर्यंत राहिला होता, तोही गेला. कोरड्या फडक्यानं पुसून मी मागे झालो.

नव्या साहेबांनी वाकून पाहिलं, दगडावरून बोट फिरवलं आणि खूश झाले. "वा, रशीदभाई," ते म्हणाले. "इथे काही होतं असं वाटतसुद्धा नाही."